न उघडलेली पिशवी

१

अंतराळातून माणसं परत आली की टाळ्या त्यांना मिळायच्या आणि त्यांच्या आसनामागची पिशवी माझ्याकडे यायची. खात्याच्या कागदोपत्री तिला लांबलचक नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. आम्ही नुसतं पिशवी म्हणायचो. यान ठरल्या जागी न उतरता भलतीकडे, एखाद्या रानात किंवा गोठलेल्या नदीकाठी पडलं, तर शोधणारे पोचेपर्यंत जिवंत राहायला जे लागतं ते तिच्यात असायचं. लोकरीचा पोशाख, टोपी, ओल न लागणाऱ्या काड्या, गळ आणि दोरी, धुराची नळकांडी, विमानाला उन्हाची तिरीप दाखवायला मधोमध भोक असलेला छोटा आरसा. आणि लांडग्या-अस्वलांसाठी तीन नळ्यांचं पिस्तूल. वरच्या दोन नळ्या छऱ्यांच्या, खालची गोळीची. त्याच्या मुठीला मागून जोडायचा दस्ता म्हणजे कापडात गुंडाळलेला कोयता होता, म्हणजे नेम धरून झाला की त्यानेच लाकडं तोडायची.

पोशाख मी शिवायची, पिशवी मी भरायची, तिचं तोंडही मीच शिवून शिशाचं सील लावायची. मी डावखुरी. माझा टाका इतरांच्या उलट बाजूला झुकतो. आमच्या कारखान्यात दुसऱ्या टेबलावर फरीदा बसायची, रबरी पोशाखांना चिकटपट्ट्या लावत. ती म्हणायची, "तास्या, तुझ्या टाक्यांकडे बघून माझी मान दुखते."

आता गंमत अशी की ही पिशवी कुणी उघडतच नसे. यानं उतरायची ती कझाकस्तानच्या माळावर, आणि हेलिकॉप्टरं आधीच घिरट्या घालत असायची. पिशवी जशी वर जायची तशी खाली यायची. मग मी सील तोडायची, टाके उसवायचे, सगळं झटकून वाऱ्यावर टाकायचं आणि पुन्हा भरायचं. न झालेल्या संकटाची आवराआवर करण्यात माझा जन्म गेला म्हणा ना.

त्या वसंतात आलेली पिशवी मी उसवली तेव्हा फरीदा चहात चेरीचा मुरंबा ढवळत होती. तिने नाक वर केलं.

"शेकोटी कुणी केलीय?"

मला वास तिच्या आधी आला होता. बर्चच्या लाकडाचा धूर, ओली लोकर आणि थोडा डिंक. पिशवीतून येत होता. टोपी बाहेर काढली तर ती दमट होती, आणि तिच्या घडीत बर्फाचा एक खडा अजून वितळायचा राहिला होता.

२

मी घाबरट बाई नाही. यंत्रांच्या गावात राहून माणूस आधी कारण शोधतो. सील शाबूत होतं. टाके माझेच, उलटे झुकलेले. म्हणजे वर जाण्याआधीच कुणीतरी माझ्या नकळत टोपी ओली करून ठेवली, असं धरलं तर ती इतके महिने ओली कशी राहील? आणि बर्फ?

मग काड्यांची डबी उघडली. ती मेण लावून बंद केलेली असते. मेण तसंच होतं आणि आतल्या निम्म्या काड्या जळालेल्या होत्या. जळालेल्या काड्या टाकून दिलेल्या नव्हत्या. एका बाजूला, डोकी एकाच दिशेला करून, नीट परत ठेवलेल्या होत्या.

माझ्या हाताला तेव्हाच कळलं, डोक्याला मात्र वेळ लागला. जळालेली काडी अशी डबीत परत ठेवणारा मला जगात एकच माणूस माहीत होता. घरी त्यावरून आमची किती वादावादी व्हायची. "जळकी काडी पुन्हा पेटवायला बरी पडते, तास्का, एका जाळावरून दुसरीकडे न्यायला," तो म्हणायचा, आणि मी चांगली काडी शोधता शोधता काजळी बोटांना लावून घ्यायची.

गळाची दोरी उलगडली. तिच्या टोकाला गाठ होती. दुहेरी वेढा देऊन शेपूट आत खोचलेली. ती गाठ तो प्रत्येक तुकडीला शिकवायचा, आणि आमच्या घरी कपडे वाळत घालायची दोरीही त्याच गाठीने बांधलेली होती. अजून आहे.

"काय गं, पांढरी पडलीस," फरीदा म्हणाली.

"कुणीतरी चेष्टा केलीय."

"कोण करणार? इथे चेष्टा करणारी मी एकटीच, आणि मला शिशाचं सील लावता येत नाही."

खरं होतं ते.

३

माझा नवरा सावेली. अंतराळात जाणाऱ्यांना तो रानात जगायला शिकवायचा. दर हिवाळ्यात तिघातिघांची तुकडी आमच्या वसाहतीमागच्या जंगलात सोडून द्यायचे, सोबत फक्त ती पिशवी आणि यानाचं पॅराशूट. पॅराशूटच्या कापडाचा तंबू करायचा, शेकोटी सांभाळायची, गारठून मरायचं नाही, एवढीच परीक्षा. सावेली त्यांच्याभोवती स्कीवरून फिरत राहायचा. मदत करायची नाही, फक्त लांबून धूर दिसतोय ना ते बघायचं.

शेवटच्या दिवशी तो सकाळी निघाला आणि जिना अर्धा उतरून परत आला. हातमोजे विसरला होता. विसरलेल्या वस्तूसाठी परत आलं तर पुन्हा बाहेर पडण्याआधी आरशात बघायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. का, ते कुणी विचारत नाही. आपण परत आलो होतो आणि आता खरंच निघालो, हे आरशाला दाखवायचं असावं. मी दारातल्या आरशाकडे बोट केलं.

"आरशात काय बघायचंय?" तो हसला. "तुझ्याकडे बघितलं की झालं."

आणि माझ्याकडे बघून तो गेला.

तुकडी परत आली. तिन्ही पोरं धडधाकट, नाकं लाल, भुकेलेली. सावेली आला नाही. त्याच्या स्कीच्या खुणा बर्चच्या झाडांमधल्या एका मोकळ्या जागेपर्यंत गेलेल्या होत्या. पुढे बर्फ सपाट होतं. लोकांनी पुष्कळ शोधलं, वसंतात बर्फ वितळल्यावर पुन्हा शोधलं. लोक थकले. मी थकले नाही, पण ते कुणाला सांगायची सोय नव्हती. माणूस मेला की रडता येतं. न आलेल्या माणसासाठी काय करतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी दोन माणसांचं सूप करत राहिले आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं स्वतःच खात राहिले, वर्षानुवर्षं.

४

मी आर्तुर येफिमोविचना, आमच्या साहेबांना, सांगायला हवं होतं. पिशवीत अर्ध्या काड्या जळालेल्या निघतात हे काही घरातलं गुपित नाही. उद्या एखादं यान खरंच बर्फात पडलं तर त्या पोरांचा जीव त्या काड्यांवर असणार. आणि सांगितलं, तर पिशवी माझ्या हातून जाणार, तपासणी बसणार, नवी पिशवी, नवं कुलूप. मग तिकडे, जिथे कुठे ते तिकडे आहे, काड्या संपल्यावर तो काय करणार?

मी सांगितलं नाही. त्याऐवजी भरायला लागले.

पिशवीचं वजन काट्यावर तोलतात. त्यामुळे पिशवीतून काही काढता येत नाही आणि जास्तीचं घालता येत नाही. पण कडेला जे जाड नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे, तुकडे भरतात, पिस्तूल हलू नये म्हणून, ते कोण बघतो? नमदा काढून मी त्या जागी वाळवलेली अळंबी भरली, राय धान्याच्या काळ्या पावाचे कडक तुकडे, लसूण. आणि जास्तीच्या काड्या. पोरांच्या काड्या पोरांच्या, याच्या याच्या.

एकदा खात्रीसाठी मी भरलेली एक पिशवी वर न पाठवता कपाटातच ठेवली. महिनोन्‌महिने. उसवली तर सगळं जसंच्या तसं, अळंबीला जाळी लागलेली. वर जाऊन आलेल्या पिशवीतलं माझं खाणं मात्र संपलेलं असायचं. तिच्यात पोरांच्या काड्यांना हात लागलेला नसायचा. माझ्याच तेवढ्या गेलेल्या असायच्या. आणि नमद्याच्या जागी काहीतरी ठेवलेलं असायचं, पिस्तूल हलू नये म्हणून. बर्चच्या सालीच्या घड्या, वाळलं शेवाळ.

मी ते शेवाळ घरी नेऊन उशीत भरलं. काय सांगू, त्या दिवसांत मी सुखी होते. रस्त्यात लोक माझं पूर्ण नाव घेऊन विचारायचे, "तैसिया गोर्देयेव्हना, काय, औषध बदललं का?" नवऱ्याचा डबा भरताना कंटाळलेली बायको कुणाला आठवत असेल. मला डबा भरायला मिळत होता.

एक गोष्ट तेवढी खटकायची. आरसा. दर खेपेला त्याच्यावर काजळीच्या अंगठ्याचा ठसा असायचा, काठाला घट्ट धरल्यासारखा. तो आरशात बघत होता, हे मला कळत होतं. आधी राहून गेलं ते आता पुरं करत होता. तरी परत येत नव्हता.

५

त्या शरदात आलेली पिशवी उसवली आणि पावाचे तुकडे तसेच होते. लसूण तसाच. काहीच खाल्लेलं नव्हतं.

पिस्तूल बाहेर काढलं. जळक्या दारूचा वास कापडातूनच आला. पिस्तूल बिजागरीतून उघडून नळ्या बघितल्या. तिन्ही झाडलेल्या होत्या. ज्याने सावेलीला बंदूक चालवताना पाहिलंय त्याला माहीत आहे, तो एका गोळीनंतर थांबून बघायचा. तिन्ही नळ्या झाडणारा सावेली मला माहीत नव्हता.

कोयत्याचं कापड सोडलं. पात्याला डिंक चिकटला होता, आणि डिंकात एक केस. लांडग्याचा म्हणावा तर फार लांब. करडा, मधूनच काळा. मी तो उजेडात धरला, बोटाला गुंडाळला आणि सोडला, तो पुन्हा सरळ झाला.

"घोड्याचा असेल," मी मोठ्याने म्हणाले.

"कुठला घोडा?" फरीदाने मान वर केली.

"काही नाही. तू आपलं काम कर."

त्या दिवशी आरशावर अंगठ्याचा ठसा नव्हता. काच बाहेरून चिखलाने माखून टाकलेली होती. हाताने, घाईघाईत, कडेपर्यंत. आरशात काही दिसू नये म्हणून माणूस करेल तसं.

मी ती धुतली. धुताना खाली बघितलं नाही, नळाकडे बघत राहिले. असं का केलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

६

"पिस्तूल आता जाणार नाही," आर्तुर येफिमोविचनी सांगितलं. ते खिडकीत उभे राहून सूर्यफुलाच्या बिया सोलत होते. भला माणूस, पण बोलताना कधी तुमच्याकडे बघायचा नाही. "त्याची काडतुसं जुनी झाली. नवी कुणी बनवत नाही. वरून हुकूम आलाय. उरलेली सगळी शस्त्रं परत करायची."

"मग लांडगा आला तर?"

"लांडगे, तैसिया गोर्देयेव्हना, आता टीव्हीवर येतात."

"रानात माणूस एकटा असला तर त्याच्या हातात काही नको का?"

"एकटा कशाला असेल? तिघं असतात. आणि हेलिकॉप्टर तासाभरात पोचतं."

"आणि तिथे नाही पोचलं तर?"

"तिथे म्हणजे कुठे?" त्यांनी सालपटं मुठीत धरली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, कोयता तरी राहू द्या. ते म्हणाले, तुम्ही दमलात, निवृत्तीचे कागद करून टाकू या, नातेवाइकांकडे समुद्रावर जाऊन या. मला नातेवाईक नाहीत हे ते विसरले होते.

पुढची पिशवी मी पिस्तुलाशिवाय शिवली. त्याची जागा रिकामी राहिली. ती मी कशानेही भरली नाही, फक्त माझी स्वतःची लोकरी शाल घडी करून ठेवली. त्याला ऊब म्हणून नव्हे. मी इथे आहे, हे त्याला कळावं म्हणून. पोरांच्या पिशवीत असलं काही घालायला नको होतं, ते मला समजत होतं. पण त्याच्या हातातलं शस्त्र काढून घेऊन वर नुसती रिकामी जागा पाठवायची, हे माझ्याच्याने होईना.

७

ते यान भलतीकडे पडलं.

आमच्या वसाहतीत अशा बातम्या रेडिओआधी जिन्यावर पोचतात. उतरताना काहीतरी अडलं, यान सरळ खाली आलं, ठरल्या जागेपासून फार लांब. थंडी होती, ढग खाली होते, हेलिकॉप्टरांना दिसेना. मी कारखान्यात टेबलाशी बसून होते आणि मनात एकच चाललं होतं. ते पिशवी उघडतील. आज कुणीतरी खरंच ती पिशवी उघडेल, आणि माझ्यामुळे आत काही कमी असलं तर?

दुपारी फरीदा धावत आली. "सापडले. तिघंही. शेकोटी करून बसले होते."

मी ॲप्रनमध्ये तोंड घालून रडले. फरीदाने पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, नाक माझ्या रबराला पुसू नकोस.

यानाचा मुख्य होता ग्लेब. सावेलीच्या शेवटच्या तुकडीतला, तेव्हाचं पोर, आता कानशिलं पांढरी. डॉक्टरांनी सोडल्यावर तो काठी टेकत कारखान्यात आला. वरून आलेल्यांना काही दिवस जमीन डुलते. मी त्याला चहा दिला, तो त्याने दोन्ही हातांनी धरला.

"तास्यामावशी, सरपण तुम्ही घातलं होतं?"

"कसलं?"

"बर्चची साल. पिशवीत वरच होती, बांधून. त्या माळावर एक झुडूप नाही. ती नसती तर आम्ही गारठलो असतो." त्याने घोट घेतला. "गाठ त्यांची होती. मी ती झोपेत ओळखेन."

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

"शेकोटी पेटली. दोघांना मी झोपवलं. मग धुराच्या पलीकडे कुणीतरी बसलेलं दिसलं. मला वाटलं शोधणारे आले. पण त्याच्या अंगात आपला पोशाख होता, आपल्या पिशवीतला. आमच्याकडे पाठ करून बसला होता. मी हाक मारली. सावेली इग्नात्येविच, मी ग्लेब. मावशी, वर जाऊन आल्यावर डोकं ठिकाणावर नसतं, डॉक्टरही तेच म्हणतात."

"वळला का?"

"नाही. मान ताठ केली. हाक ऐकली त्याने, नक्की ऐकली. पण वळायचं नाही असं ठरवून बसल्यासारखा." ग्लेबने कप खाली ठेवला. "आणि तो एकटा नव्हता. त्याच्या मागे, अगदी खांद्याशी, कुणीतरी उभं होतं. बाई. तेवढ्याच उंचीची."

"केवढ्या?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने हात वर केला आणि हवेत, माझ्या डोक्याच्या उंचीवर, थांबवला.

"अंगावर शाल होती," तो म्हणाला. "धूर मधे आला, आणि मग हेलिकॉप्टरचा आवाज झाला. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका, मला पुन्हा उडायचंय."

८

ती पिशवी त्यांनी उघडलेली होती, त्यामुळे उसवायला फारसं काही नव्हतं. शाल नव्हती. काड्या, नळकांडी, दोरी, सगळं वापरलेलं, ओलं, मातीचं. सुखरूप आलेल्या माणसांचा पसारा. पण तळाशी एक राखीव पोशाख होता, त्यांना न लागलेला, कागदी पट्टीने बांधलेलाच. पट्टीवर माझा शिक्का होता.

मी पट्टी फाडली. पोशाख झटकला आणि अंगासमोर धरला.

हे पोशाख आम्ही पुरुषाच्या मापाने, ढगळ शिवतो. हा ढगळ नव्हता. बाह्या आखूड केलेल्या, कंबर आत घेतलेली, उजव्या खांद्याला जरा जास्त उतार दिलेला. माझा उजवा खांदा खाली आहे, लहानपणी पडले होते. हे फक्त सावेलीला माहीत होतं आणि मला.

सावेलीला सुईत दोरा ओवता येत नसे. बटण तुटलं तर तो सदरा माझ्यापुढे धरून लहान मुलासारखा उभा राहायचा. मी शिवण उलटी केली. टाके बारीक होते, सारख्या अंतराचे, आणि सगळे उलट्या बाजूला झुकलेले.

फरीदाने वाकून बघितलं. "तुझेच तर आहेत."

"हो."

"मग अशी काय बघतेस?"

मी घरी गेले आणि दिवसाउजेडी, खिडकीत बसून, माझ्या कंगव्यातला एक केस काढला. करडा, मधूनच काळा. बोटाला गुंडाळला आणि सोडला, तो पुन्हा सरळ झाला.

मग मी विचार केला, शहाण्या माणसासारखा. त्याच्या मागे जी उभी आहे तिच्याकडे माझी उंची आहे, माझी शाल आहे, माझा टाका आहे. तिच्यावर त्याने तिन्ही नळ्या झाडल्या. तिच्यासाठी त्याने आरसा माखला. ती मी असेन, तर मला जायलाच हवं. ती मी नसेन, तर त्याहून लवकर जायला हवं. काही वेळाने लक्षात आलं की दोन्हीकडून उत्तर एकच येतंय, आणि ते यावं म्हणूनच मी विचार करत होते. मला तो हवा होता. बस. इतकी वर्षं मला दुसरं काही नको होतं.

९

शस्त्रं परत करायची होती त्या सकाळी मी तो पोशाख ओव्हरकोटाखाली घातला. अगदी बरोबर बसला. लोखंडी कपाटातलं एक पिस्तूल आणि जुन्या काडतुसांचा पट्टा कोटाच्या अस्तरात ठेवला. मग फरीदाला सांगितलं, जरा पाय मोकळे करून येते.

"या थंडीत?"

"जंगलाच्या कडेपर्यंत."

फाटकापर्यंत पोचले आणि बोटं झोंबायला लागली. हातमोजे टेबलावर राहिले होते. खरंच राहिले होते, मुद्दाम नव्हे, हे मी अजून शपथेवर सांगेन. मी परत गेले.

टेबलावर हातमोज्यांशेजारी पिशवीतला तो छोटा आरसा उताणा पडला होता. त्याच्यात छताचा दिवा दिसायला हवा होता. मी सरळ बघितलं नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्याला पांढरं काहीतरी कळलं, आणि त्या पांढऱ्यात वर चढत जाणारी धुराची एक बारीक रेघ. मी हातमोजा त्याच्यावर टाकला आणि आरसा पालथा केला.

"आरशात बघून जा गं," फरीदा मान वर न करता म्हणाली. "परत आली आहेस."

"बघितलं," मी म्हणाले, आणि दार ओढून घेतलं.

बर्चच्या झाडांमधली ती मोकळी जागा मला पाठ होती. तिथपर्यंत बर्फात माझी पावलं उमटत होती, मी मागे वळून बघितली. पुढे बर्फ सपाट होतं.

हल्ली तिकडे, कारखान्यात, पिशवी फरीदा शिवते. तिचे टाके सरळ असतात, उसवायला सोपे. नमद्याच्या जागी ती काही घालत नाही, तिला कुणी सांगितलेलंच नाही, म्हणून मीच सरपण गोळा करते आणि त्याच्या हाताशी ठेवते. तो ते घेतो. पिस्तूलही मी शेकोटीजवळ, त्याच्या हाताला लागेल असं ठेवलं. त्याच्या बाहीची शिवण उसवली होती, ती तो झोपला असताना नीट केली. त्याचे केस मागून अगदी पांढरे झालेत.

मी त्याच्या खांद्याशीच उभी असते. सावेली, मी तास्का, असं दर थोड्या वेळाने सांगते. तो मान ताठ करतो. अजून वळलेला नाही.